कायदा आणि आपण, लेखांक १२ : नाव काय, गाव कुठलं?

गेल्या आठवड्यात आपण अटकेबद्दल बोललो. आजचा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे आणि तो कधी ना कधी प्रत्येकापुढे येतो. हातखंब्याच्या तिठ्यावर नाकाबंदी असते, भाट्याच्या किनाऱ्यावर रात्री गस्तीची गाडी थांबते आणि विचारणा होते, "नाव काय? कुठले? आधार दाखवा." सांगायलाच हवं का?

चालत्याफिरत्या नागरिकाने ओळखपत्र खिशात बाळगलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आधार घरी राहिलं म्हणून गुन्हा होत नाही. पोलिसांना विचारायला मात्र कोणी अडवलेलं नाही, आणि नाव-गाव सांगून टाकणं बहुतेक वेळा शहाणपणाचंच असतं. मीही सांगेन. पण ती सक्ती केव्हा होते, हे विचारण्यामागच्या कारणावर ठरतं आणि ते कारण कायद्यात सापडावं लागतं.

गाडी चालवत असाल तर कारण उघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३०नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर चालकाने लायसन्स दाखवलंच पाहिजे. मोबाइलवर डिजीलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. मागच्या सीटवरच्या पाहुण्याला मात्र हे कलम लागू होत नाही.

खरं महत्त्वाचं आहे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९. १ जुलै २०२४पूर्वी हीच तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२ म्हणून होती. समजा, मिरकरवाडा बंदरात मासळीच्या भावावरून दोघांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली. समोरच्या हवालदाराने ते पाहिलं. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे एरवी वॉरंटशिवाय अटक नाही. पण हवालदाराने नाव-पत्ता विचारला आणि मारणाऱ्याने तो सांगायला नकार दिला, किंवा खोटा वाटावा असा सांगितला, तर त्याला अटक करता येते. या अटकेचा हेतू एवढाच की माणूस कोण, हे कळावं. खरं नाव-पत्ता कळला की जातमुचलक्यावर किंवा जामिनावर सोडायचं. चोवीस तासांत कळलाच नाही, तर जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. नाव न सांगितल्याबद्दल कोठडीत डांबून धडा शिकवण्याचा अधिकार या कलमात कुठेही नाही. आणि हे कलम लागू होतं तेच मुळी पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा घडला असेल किंवा तसा आरोप झाला असेल तेव्हा.

मग भाट्याला वाळूत बसलेल्या पोरांचं काय? रात्रीच्या संशयितांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकून फिरणं, सबळ कारणाशिवाय घरफोडीची हत्यारं जवळ बाळगणं, अशा गोष्टी त्यात येतात. मित्रांबरोबर समुद्राची गाज ऐकत बसणं त्यात बसत नाही. तिथे नाव विचारलं तर नम्रपणे सांगावं आणि तितक्याच नम्रपणे विचारावं, "साहेब, काही तक्रार आहे का?" हा प्रश्न उद्धटपणा नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६ तर म्हणतं की अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याच्या नावाची स्पष्ट, दिसेल अशी ओळख हवी. १९९६च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा दंडक आहे.

कधीकधी कागद दाखवण्याची सक्ती संकटामुळे येते. कोरोनाच्या साथीत, ऑगस्ट २०२०मध्ये चाकरमान्यांनी कशेडी घाटात ई-पास दाखवले, ते आपत्ती व्यवस्थापन आणि साथरोग कायद्यांच्या आधारे. पुढे तो पास गेला. ब्रिटनमध्ये असं सहज घडलं नाही. युद्धासाठी १९३९मध्ये आणलेली ओळखपत्रं युद्ध संपल्यावरही पोलीस मागत राहिले. डिसेंबर १९५०मध्ये क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाने ते दाखवायला नकार दिला. तो खटला हरला, पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांच्या या सवयीवर कडक शब्दांत टीका केली आणि १९५२मध्ये ओळखपत्रं रद्द झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा गेला. त्या कायद्याने पारधी, कैकाडी अशा कितीतरी समाजांच्या माणसांना काही न करता पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडलं होतं.

ती संशयाची नजर कायद्याबरोबर गेली, असं मला म्हणवत नाही. रत्नागिरीत हा प्रश्न सगळ्यांत जड जातो तो आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराला, बोटीवरच्या परप्रांतीय खलाशाला, चिरेखाणीवरच्या बंगाली बोलणाऱ्या मजुराला. परदेशी असल्याचा संशय घेतला गेला की भारतीय असल्याचं सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच येतो. १९४६च्या कायद्यात हे होतं, २०२५च्या नव्या कायद्यातही आहे. जून २०२५मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं आणि ते भारतीय असल्याचं पुढे आल्यावर परत आणावं लागलं. घुसखोर शोधणं हे पोलिसांचं काम आहेच. पण बोलण्याच्या लकबीवरून नागरिकत्व ठरू लागलं, तर उद्या मराठी माणसालाही परमुलखात तोच जाच होईल.

म्हणून बागायतदारांना आणि बोटमालकांना कळकळीची विनंती. कामावरच्या माणसाच्या कागदांची प्रत आणि त्याच्या घरच्यांचा नंबर तुमच्याकडे असू द्या. मूळ कागद त्याच्याकडेच राहू द्या. नेपाळी नागरिकाला इथे राहायला किंवा काम करायला व्हिसा लागत नाही, पण तो नेपाळी आहे हे दाखवणारा कागद जवळ असलेला बरा. आणि त्याला नेलं असं कळलं, तर सकाळची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जा आणि कोणत्या कलमाखाली आणलं ते विचारा. अटक झाली असेल, तर तिची वेळ लिहून घ्या. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचे चोवीस तास तिथून मोजायचे असतात.