माजी सैनिकांची मंडळे आणि नवे सभासद

आपल्याकडे पलटणीतून सुटलेला माणूस बहुधा आपल्या गावी परततो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावासारखी जागा असली, जिथे घरोघरी कोणी ना कोणी लष्करात जाऊन आलेला आहे, तर आपल्याच धंद्यातला माणूस त्याला शोधावा लागत नाही. पारावर जाऊन बसले की झाले. अमेरिकेतील शिपायाची गोष्ट निराळी. लष्कर सोडले की नोकरीच्या मागे तो हजार मैलांवरच्या शहरात जातो. शेजारी भला असतो, पण रात्री दोन वाजता हा अंगणात का उभा राहतो हे त्या शेजाऱ्याला कळत नाही. असा माणूस जिथे जाऊन बसतो, त्या माजी सैनिकांच्या मंडळांविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी. एका युद्धातून आलेल्यांनी थाटलेल्या या घरात पुढच्या युद्धातून आलेल्यांचे स्वागत कसे होते?

या मंडळांच्या स्थानिक शाखेला तिकडे ‘पोस्ट’ म्हणतात. तिचा टपालाशी काही संबंध नाही. लष्करी ठाणे या अर्थाचा तो शब्द आहे. लहानशा गावातही एक बैठी इमारत, पुढे ध्वजस्तंभ, क्वचित एखादी जुनी तोफ, आत सभागृह आणि बहुधा स्वस्त बिअर मिळणारा गुत्ता, असा एकूण थाट. ‘अमेरिकन लीजन’च्या सभेत एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवतात, शत्रूच्या हाती सापडलेल्या आणि बेपत्ता सैनिकांची ती जागा. गप्पागोष्टींखेरीज एक मोठे काम येथे चालते. जखमेचा किंवा आजाराचा भत्ता मिळवण्यासाठी सरकारकडे जे कागद करावे लागतात, ते करून देणारे जाणते लोक ही मंडळे नेमतात आणि त्याबद्दल सैनिकाकडून पैसा घेत नाहीत. तेव्हा नव्या माणसाला दारातूनच परत जावेसे वाटले, तर त्याची एक संध्याकाळ फुकट जाते एवढेच नुकसान नाही. पुष्कळदा त्याच्या हक्काचा भत्ताही बुडतो.

पहिल्या मोठ्या मंडळाने हा प्रश्न आपल्यापुरता सोपा करून टाकला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले आणि पुढच्याच वर्षी बेंजामिन स्टीफन्सन या लष्करी डॉक्टरने इलिनॉय राज्यातील डिकेटर गावी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ स्थापन केली. सभासद कोण? त्या युद्धात उत्तरेच्या बाजूने नोकरी केलेला सैनिक; दुसरा कोणी नाही. 1890 च्या सुमारास तिचे चार लाखांहून अधिक सभासद होते. ग्रँटपासून मॅकिन्लेपर्यंत पाच राष्ट्राध्यक्ष तिच्या यादीत होते. पेन्शनच्या प्रश्नावर तिला दुखवण्याची छाती फार थोड्या पुढाऱ्यांना होती. 1898 साली स्पेनशी युद्ध झाले, त्यातले तरुण परत आले. त्यांना हे दार बंदच राहिले. खुद्द सभासदांच्या मुलांसाठीही निराळी संघटना काढण्यात आली. 1949 साली इंडियानापोलिस येथे शेवटचे अधिवेशन भरले, त्याला सहा जण हजर होते. अखेरचा सभासद आल्बर्ट वुलसन, लहानपणी ढोल वाजवणारा पोऱ्या म्हणून पलटणीत गेलेला, 1956 च्या ऑगस्टमध्ये वारला. तो 109 वर्षांचा असल्याचे तेव्हा छापून आले. पुढे जनगणनेच्या कागदांवरून वय 106 असावे असे निघाले. त्याच्याबरोबर ती प्रचंड संस्थाही गेली.

यात आम्हाला केवळ हेकटपणा दिसत नाही. एकाच चिखलात झोपलेल्या माणसांना जी जवळीक वाटते ती नियमाने वाढवता येत नाही, असे त्या म्हाताऱ्यांना वाटले असेल, आणि ते खोटेही नव्हते.

‘अमेरिकन लीजन’चा जन्म 1919 च्या मार्चमध्ये पॅरिसला झाला. पहिल्या महायुद्धातील सैनिक घरी परतण्याच्या आधीच तिथे जमले होते. तिचेही नियम पहिल्या महायुद्धापुरतेच होते. मग 1941 चा डिसेंबर उजाडला. पहिल्या युद्धात अमेरिकेचे सुमारे 47 लाख लोक गणवेशात होते. दुसऱ्यात ही संख्या 1 कोटी 60 लाखांवर गेली. त्यांना घेतले तर आपण आपल्याच घरात पाहुणे ठरू, आणि न घेतले तर ग्रँड आर्मीची वाट आपलीही, असा हा पेच. लीजनने 1942 साली सनद बदलून घेतली आणि युद्ध चालू असतानाच नव्यांना दार उघडले.

पण खरे स्वागत सनदेत नव्हते. पहिल्या युद्धानंतर सैनिकाच्या हाती 60 डॉलर ठेवून त्याला घरी धाडले होते. पुढे मान्य झालेला बोनस लवकर मिळावा म्हणून 1932 च्या मंदीत हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले, तर लष्करानेच त्यांना हुसकून लावले. हे ज्यांनी पाहिले होते ते लोक 1943 च्या अखेरीस त्याच शहरातील मेफ्लॉवर हॉटेलात बसले. लीजनचे एक माजी अध्यक्ष हॅरी कोल्मरी यांनी कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला. परतणाऱ्या सैनिकाला शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, काम मिळेपर्यंत आठवड्याचा भत्ता, असा तो मसुदा होता. 22 जून 1944 रोजी रूझवेल्टनी त्यावर सही केली, आणि पुढे सुमारे 78 लाख लोकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. आपल्याला जे मिळाले नाही ते धाकट्यांना मिळावे यासाठी वडील माणसे भांडली. अर्थात लीजनचा फायदाही झालाच. 1946 साली तिचे सभासद 33 लाखांच्या घरात गेले. तरीही काही तरुणांना म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसायचे नव्हते. त्यांनी 1944 सालीच ‘ॲमव्हेट्स’ नावाची आपली वेगळी चूल मांडली. त्यात वावगे काही नाही.

याच पिढीची पुढे व्हिएतनामच्या वेळी परीक्षा झाली आणि तीत ती पुष्कळ ठिकाणी नापास झाली. दुसऱ्या महायुद्धातले शिपाई पलटणीसह जहाजाने, आठवडे बोलत-बसत परतले होते. व्हिएतनामचा शिपाई साधारण वर्षाची नेमणूक संपली की एकटाच विमानात बसे आणि दोनतीन दिवसांत घराच्या पायरीवर उभा राही. तो पोस्टमध्ये गेला. लीजनच्या नियमांप्रमाणे आता त्याला प्रवेश होता. पण आतल्या बाकावरून त्याला ऐकायला मिळे, की आमचे ते खरे युद्ध होते, तुमचे कसले? आम्ही जिंकून आलो. केस लांब का ठेवलेस? असे सगळीकडे झाले असे नाही. ज्यांच्या बाबतीत झाले ते मात्र दुसऱ्यांदा गेले नाहीत. 1978 साली त्यांच्यातल्या काहींनी स्वतःची संस्था काढली. एका पिढीच्या सैनिकांनी दुसऱ्या पिढीला पुन्हा कधी वाऱ्यावर सोडू नये, हे तिने आपले ब्रीद ठरवले.

गंमत अशी, की या संस्थेचे सभासदत्वही व्हिएतनाम काळातील सैनिकांपुरतेच आहे. म्हणजे ग्रँड आर्मीप्रमाणे तीही एक दिवस संपणार. परंतु ब्रीद त्यांनी पाळले. 1991 साली आखाती युद्धातले सैनिक परतू लागले तेव्हा स्वागताला उभे राहणाऱ्यांत व्हिएतनामचे लोक ठळक होते. मेन राज्यातील बँगॉर विमानतळावर सैनिकांची विमाने तेल भरायला उतरतात. समुद्र ओलांडून आल्यावर पाय टेकतो ती पहिली अमेरिकन भूमी. 1991 मध्ये गावकरी तिथे जाऊ लागले आणि इराकच्या युद्धामुळे 2003 पासून हा क्रम पुन्हा सुरू झाला. मध्यरात्र असो, बर्फ पडत असो, दारापाशी दोन रांगा. त्यांत दुसऱ्या महायुद्धातले, कोरियातले, व्हिएतनाममधले पांढऱ्या केसांचे लोक. हस्तांदोलन करायचे, बिस्किटे द्यायची आणि घरी बोलायला मोबाइल फोन हातात ठेवायचा, पैसे नाहीत. दहा लाखांहून अधिक सैनिक या रांगांमधून गेले. तुझे युद्ध खरे की खोटे, हे तिथे कोणी विचारले नाही.

आजच्या तरुणांची अडचण निराळी आहे. इराक-अफगाणिस्तानातून आलेल्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि पोस्टमध्ये शिरताच “आपले यजमान कोणत्या पलटणीत होते?” असा प्रश्न आल्याचे त्यांच्यापैकी अनेकजणी सांगतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. उत्तर देणारीने मात्र स्वतः गोळीबार पाहिलेला असतो. परदेशी युद्धात गेलेल्यांचे जे दुसरे मोठे मंडळ आहे, त्याने 1978 पर्यंत स्त्रियांना सभासद करून घेतले नव्हते. लीजनमध्ये त्यांना 1919 पासून प्रवेश होता, देशाच्या निवडणुकीत सर्व स्त्रियांना मत मिळाले त्याच्याही आधी. तरी राष्ट्रीय अध्यक्षपदी पहिली स्त्री, डेनिस रोहन, बसली ती 2017 साली. दारापासून खुर्चीपर्यंत 98 वर्षे लागली.

शिवाय गुत्ता. अंधारी खोली, सिगारेटचा वास, बाकावर ठरलेल्या जागा. तरुण सैनिकाला घरी लहान मूल असते. त्याला शनिवारी सकाळी मुलासह जाता येईल अशी जागा हवी. डेन्व्हर येथील पोस्ट क्रमांक 1 हे परदेशी युद्धांच्या मंडळातले 1899 च्या परंपरेचे अगदी जुने ठाणे. 2014 च्या सुमारास त्यांनी चित्रकारांच्या वस्तीत नवी जागा घेतली, तीत गुत्ता ठेवलाच नाही. भिंतींवर सैनिकांनी काढलेली चित्रे लावली आणि योगासनांचे वर्ग सुरू केले. (आपल्या आसनांनी कुठे कुठे मुक्काम केला आहे!) जुन्या सभासदांना दारूविना पोस्ट पचायला जड गेले असेल, पण तरुण तिथे येऊ लागले.

लीजनच्या नियमांत एक खोच बरीच वर्षे राहिली होती. दोन युद्धांच्या मधल्या काळात नोकरी केलेल्याला प्रवेश नसे; तारखा चुकल्या की वीस वर्षांची नोकरीही कामाची नाही. जुलै 2019 मध्ये कायदा होऊन 7 डिसेंबर 1941 पासूनचा सर्व काळ एकसलग धरण्यात आला. त्याच सुमारास लीजनने देशभर आणखी एक साधी रीत चालू केली. पोस्टचे सभासद यादी घेऊन बसतात आणि गावातील माजी सैनिकांना, सभासद असोत वा नसोत, एकेक करून फोन लावतात: कसा आहेस, औषधे मिळतात का, काही हवे आहे का? वर्गणीची गोष्ट त्या फोनवर काढायची नाही, असे ठरलेले असते. कुठे नव्वदीचा म्हातारा तिशीतल्या पोराला फोन करतो, कुठे ते पोर म्हाताऱ्याला. आणि पलीकडून कोणी उचलला नाही, तर एकजण गाडी काढून घरी जाऊन पाहून येतो.