आखाती देशांत आपले सण: काही प्रश्न आणि चर्चची शिकवण



आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर पडत होतो, तोच भुसावळ परिसरातील एका मातेने आम्हाला दारातच थांबवले. तिचा धाकटा मुलगा सौदी अरेबियात एका बांधकामावर वेल्डर म्हणून काम करतो. बराच वेळ ती इकडचे तिकडचे बोलत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "फादर, दोन वर्षं झाली, पोराला एक मिस्सा मिळाली नाही. नाताळच्या दिवशीही तो कामावर असतो. त्याला पाप लागतं का हो?"

तिला आम्ही जे उत्तर दिले ते येथे थोडे विस्ताराने मांडावे असे वाटते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या भागातून पूर्वी रेल्वे आणि आयुध निर्माणीच्या नोकऱ्यांकडे ओढा असे. आता तरुण विमानाने आखातात जातात. आपल्या रावेर तालुक्यातील तांदलवाडीची केळी २०२१ साली दुबईला रवाना झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी कौतुक केले. मुले त्याच्या किती तरी आधीपासून जात आहेत.

प्रथम धर्मनियम पाहू. रविवारी आणि बंधनकारक सणांच्या दिवशी मिस्सेत सहभागी होणे हे प्रत्येक कॅथलिकाचे कर्तव्य आहे, असे चर्चची विधिसंहिता कलम १२४७ मध्ये सांगते. पुष्कळ लोक येथेच थांबतात. पण लगेच पुढच्या, १२४८ व्या कलमाचा दुसरा भाग सांगतो, की धर्मगुरू उपलब्ध नसल्यामुळे किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणे अशक्य असेल, तर श्रद्धावंतांनी शब्दविधीत भाग घ्यावा अथवा एकट्याने, कुटुंबासह किंवा काही कुटुंबांनी मिळून योग्य तितका वेळ प्रार्थनेत घालवावा, अशी चर्च आग्रहाने शिफारस करते. जे अशक्य आहे त्याचे बंधन कोणावरही नसते. ज्या देशात चर्च नाही, जेथे कंपनीच्या वसाहतीतून बाहेर पडायला वाहन नाही आणि २५ डिसेंबर हा नेहमीसारखा कामाचा दिवस आहे, तेथे त्या मुलाने मिस्सा चुकवली असे म्हणताच येणार नाही. मिस्सा त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. हे ऐकून त्या माउलीने डोळे पुसले, आणि आम्हालाही जरा लाजल्यासारखे झाले. दोन वर्षे ती हे ओझे वाहत होती आणि आम्ही दर रविवारी तिला 'बरे आहे ना' एवढेच विचारत होतो.

मात्र सगळे आखाती देश एकसारखे नाहीत, आणि ही गोष्ट घरच्यांनाही माहीत असावी. अरबस्तानातील कॅथलिकांची व्यवस्था दोन ॲपोस्टॉलिक व्हिकॅरिएट पाहतात. जेथे पूर्ण धर्मप्रांत अद्याप स्थापन झालेला नाही तेथे पोपमहोदयांच्या वतीने एक बिशप कारभार पाहतात, त्या प्रदेशाला हे नाव आहे. २०११ च्या फेररचनेनुसार कुवेत, बहारीन, कतार आणि सौदी अरेबिया उत्तर विभागात येतात; संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि येमेन दक्षिण विभागात येतात. बहारीनची राजधानी मनामा येथील पवित्र हृदयाचे चर्च दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळातले आहे. याच बहारीनमध्ये अवाली येथे राजांनी दिलेल्या जमिनीवर अरबस्तानच्या पवित्र मातेचे कॅथेड्रल उभे राहिले आणि १० डिसेंबर २०२१ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. कतारमध्ये दोहा येथे पवित्र जपमाळेच्या मातेचे चर्च २००८ साली उघडले. त्याच्या बाहेरच्या बाजूस क्रूस नाही, आत मात्र सर्व काही आहे. दुबई, अबू धाबी, मस्कत, कुवेत येथील चर्चच्या आवारात नाताळच्या आदल्या संध्याकाळी निरनिराळ्या भाषांत एकामागून एक मिस्सा होतात आणि लोक अंगणातही उभे असतात. मल्याळम, कोकणी, तामीळ, उर्दू, फिलिपिनो, अरबी अशा भाषा तेथे एकाच छपराखाली ऐकू येतात. तेव्हा 'मुसलमानी देशात गेला, म्हणजे देवळाला मुकला' हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा आहे. तो लागू पडतो मुख्यतः सौदी अरेबियाला, जेथे एकही चर्च नाही.

वार हा तेथील आणखी एक गोंधळ. आखातात शुक्रवार सुट्टीचा आणि रविवार कामाचा. म्हणून तेथील चर्चमध्ये शुक्रवारी रविवारचीच उपासना करण्याची प्रथा परवानगीने पडली. मुलगा फोनवर 'आज शुक्रवारची मिस्सा केली' म्हणाला, तर आईने 'आणि रविवारची?' असे विचारून त्याला कोड्यात टाकू नये. अमिरातींनी मात्र १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत सुरू केली, त्यामुळे तेथे रविवार पुन्हा रविवार झाला. कुवेत, कतार, बहारीन, ओमान आणि सौदी अरेबियात अजूनही शुक्रवार-शनिवारचीच सुट्टी आहे. यातून एक विलक्षण गोष्ट घडते: या देशांत उत्तम शुक्रवारी दरवर्षी आपोआप सुट्टी असते, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी सर्वांना कामावर हजर व्हावे लागते. क्रूसाजवळ उभे राहायला वेळ मिळतो, रिकाम्या कबरीपाशी धावायला मिळत नाही. तेथील आपले लोक मग शनिवारी रात्रीच्या जागरण विधीला गर्दी करतात. पहाटे थोडी झोप आणि नंतर कंपनीची बस.

आता सौदी अरेबियाविषयी अधिक सांगणे भाग आहे, कारण घरच्यांची खरी चिंता तेथील आहे. तेथे बिगरमुस्लिमांना सार्वजनिक उपासनेची परवानगी नाही. घरात खाजगी प्रार्थना करता येते असे सरकार सांगत आले आहे, पण प्रत्यक्षात ही रेषा नेहमी स्पष्ट राहिलेली नाही. डिसेंबर २०११ मध्ये जेद्दा येथे एका घरात प्रार्थनेसाठी जमलेल्या ३५ इथिओपियन ख्रिस्ती लोकांना अटक झाली होती. त्यानंतर वातावरण बरेच निवळले. एप्रिल २०१८ मध्ये आंतरधर्मीय संवादासाठीच्या परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल तोराँ यांनी रियाधला भेट दिली आणि राजे सलमान यांनी त्यांचे स्वागत केले. तरीही निवळणे म्हणजे मोकळीक नव्हे. म्हणून आम्ही जाणाऱ्या तरुणांना स्पष्टच सांगतो: स्वतःपुरते एक बायबल आणि एक जपमाळ पुरे. पत्रके, दुसऱ्यांना वाटण्यासाठी पुस्तके, क्रूस असे काही नेऊ नये. एखाद्या मुस्लिम सहकाऱ्याने आपण होऊन विचारले तर आपल्या श्रद्धेविषयी खरे सांगावे. पण धर्मप्रसाराचा संशय येईल असे काही करू नये, कारण तो त्या देशात गुन्हा आहे. घरच्यांनीही फोनवर प्रार्थनासभांची छायाचित्रे मागू नयेत. आणखी एक सूचना, जी आम्हाला नाशिकच्या द्राक्षांच्या मुलखातून देताना थोडी विचित्र वाटते: नाताळासाठी खोलीत वाईन करण्याचा मोह टाळावा. सौदी अरेबिया आणि कुवेतमध्ये त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

मग तो मुलगा नाताळ कसा साजरा करील? चोवीस तारखेच्या रात्री संत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचावा, जपमाळेची आनंदाची रहस्ये म्हणावीत आणि मनोभावे आत्मिक ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा. दूरचित्रवाणीवरील किंवा मोबाईलवरील मिस्सा पाहावी. तिने प्रत्यक्ष मिस्सेची जागा भरून निघत नाही, पण प्रार्थनेला आधार मिळतो. फोनवरून पापनिवेदन करता येते का, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. येत नाही, त्या संस्काराला धर्मगुरूची प्रत्यक्ष उपस्थिती लागते. पण चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाचा १४५२ वा परिच्छेद अशा माणसाला धीर देतो: परमेश्वरावरील प्रेमापोटी झालेला पूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा दृढ निश्चय असेल, तर गंभीर पापांचीही क्षमा मिळते. सुट्टीवर घरी आल्यावर मात्र पहिला फेरा चर्चचा असावा. किंवा मुदतीचे काम संपवून बहारीनला जाता येत असेल तर तेथे जावे. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्रावरील पूल ओलांडला की बहारीन.

रजेचा प्रश्न पुष्कळदा बोलण्याने सुटतो. आखाती अरब देशांत नाताळ सरकारी सुट्टी नसला, तरी वार्षिक रजेतला एक दिवस त्यासाठी राखता येतो, किंवा पाळी बदलून घेता येते. ईदच्या दिवशी ख्रिस्ती कामगाराने मुस्लिम मित्राची पाळी करायची आणि २५ डिसेंबरला त्याने परतफेड करायची, असा व्यवहार चांगला चालतो. (इराकने तर २०१८ पासून नाताळ सर्वांसाठीच राष्ट्रीय सुट्टीचा दिवस केला आहे.) आपल्या भुसावळात आणि रावेरात शीरखुर्म्याची वाटी आणि नाताळच्या करंज्यांचे ताट एकमेकांच्या उंबऱ्यावर जातच असतात, तेव्हा ही देवाणघेवाण शिकायला आपल्या मुलांना फार दूर जावे लागत नाही.

रमजानविषयीही दोन शब्द. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणे, पिणे, धूम्रपान करणे टाळावे. अमिरातींच्या कामगार कायद्यानुसार रमजानमध्ये कामाचे दोन तास कमी होतात आणि ही सवलत धर्म न पाहता सर्वांना मिळते. २०२५ साली आखातात रमजान १ मार्चला सुरू झाला आणि आपला राखेचा बुधवार ५ मार्चला आला. एकाच खोलीत एकाने सूर्यास्ताची वाट पाहावी आणि दुसऱ्याने शुक्रवारी मांस वर्ज्य करावे, असे ते दिवस होते. व्हॅटिकन १९६७ पासून ईदनिमित्त जगभरातील मुस्लिमांना शुभेच्छापत्र पाठवत आले आहे. ज्या परिषदेकडून ते जाते, तेथे उपसचिव म्हणून काम केलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो २००८-०९ या काळात आपल्याच नाशिक धर्मप्रांताचे बिशप होते.

आणि आपण अरबस्तानात उपरे नाही, हेही मुलांना सांगावे. अबू धाबीजवळच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. उम्म अल कुवेनच्या सिनिया बेटावरील दुसऱ्या मठाची घोषणा २०२२ साली झाली. सातव्या शतकातील निनवेचे संत इसहाक याच कतारच्या किनारपट्टीवर जन्मले. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या क्रीडांगणात मिस्सा अर्पण केली तेव्हा सुमारे १ लाख ८० हजार लोक जमले होते, आणि त्यांत बहुसंख्य असे परदेशी कामगारच होते.

आमच्या धर्मगुरू बंधूंना एक विनंती. तरुण पासपोर्ट घेऊन आशीर्वादाला येतो तेव्हा त्याला बाप्तिस्म्याचा नवा दाखला आणि धर्मग्रामाचे ओळखपत्र द्यावे. तेथे विवाह ठरला किंवा मूल झाले की हीच कागदपत्रे लागतात आणि मग घरच्यांची धावपळ होते. तो कोणत्या शहरात चालला आहे ते विचारून तेथे चर्च आहे की नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

त्या मातेने घरी जाऊन मुलाला फोन केला. रियाधचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. आपल्या चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा सुरू झाली तेव्हा तेथे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ठरल्याप्रमाणे त्याने त्याच वेळी खोलीत शुभवर्तमान उघडले. त्याच्यासोबत केरळचा एक मुलगाही बसला होता, असे तिने नंतर आम्हाला सांगितले.