टीपी स्कीम आपण का सोडली?

सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या पत्त्यात आजही 'टीपीएस' आणि 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो. ही 1915च्या मुंबई नगररचना कायद्यातल्या टाउन प्लॅनिंग स्कीमची, म्हणजे टीपी स्कीमची, खूण. रीत सोपी होती. मालकांच्या वाकड्यातिकड्या जमिनी नकाशावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, मैदानं, शाळांची जागा काढायची आणि प्रत्येकाला आकाराने लहान, पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. झीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, अशीच योजना झाली.

पुढे 1954च्या कायद्याने विकास आराखडा आणला, 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने (एमआरटीपी) तो पक्का केला. टीपी स्कीम कायद्यात राहिली, व्यवहारातून मात्र जवळजवळ गेली. भूखंडांचा निवाडा करणाऱ्या लवादाच्या सुनावण्या रेंगाळत, हे खरंच. पण तिच्या जागी आलं आराखड्यातलं आरक्षण. एकाच्या जमिनीवर बाग पडते आणि शेजाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. पालिकेकडे भूसंपादनाला पैसे नसतात. दहा वर्षं उलटली की मालक एमआरटीपीच्या कलम 127ची नोटीस देतो आणि मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण उडतं.

शहराच्या हद्दीबाहेर तर तेवढंही नव्हतं. पुण्याच्या हद्दीतलाच 1987चा आराखडा बदलून नवा मंजूर व्हायला 2017 उजाडलं. त्या तीस वर्षांत भोवतालच्या गावांत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर गुंठा-गुंठा विकला गेला. घर आधी उभं राहिलं, रस्ता उरलेल्या जागेतून गेला. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावरच थांबते, अग्निशमनाचा बंब आत शिरत नाही. ग्रामपंचायतीकडे ना नगररचनाकार होता, ना नकाशा. सरकारने 2001मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, 2021मध्ये त्याची मुदत 2020च्या अखेरपर्यंत पुढे नेली. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावं महापालिकेत आली, ती अशी आधीच भरलेली.

गुजरातनेही त्याच मुंबई राज्याच्या कायद्यापासून सुरुवात केली होती. त्यांनी टीपी स्कीम सोडली नाही. अहमदाबादच्या रिंगरोडची बरीचशी जमीन त्यातूनच मिळाली. आपण नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात ती पुन्हा हाती घेतली, पण शेतकऱ्याच्या हाती 40 टक्केच जमीन परत येणार म्हटल्यावर विरोध उभा राहिला. तो मला रास्त वाटतो. झीज किती, हे मालकांसोबत बसून ठरलं पाहिजे.

हद्दवाढीच्या उंबरठ्यावरच्या गावांनी पहिला गुंठा विकला जाण्याआधीच ग्रामसभेत टीपी स्कीमची मागणी करावी.