फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

पुणे-सातारा महामार्गावरच्या वरवे बुद्रुकहून शिरवळच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एखाद्या तरुणाची पगाराची स्लिप समोर धरू. समजा, एकूण पगार २०,००० रुपये. त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. कपातीच्या ओळी तीन: पीएफ १,८००, ईएसआय १५०, व्यवसाय कर २००. हातात पडतात १७,८५०. फेब्रुवारीत मात्र १७,७५०. वर्षातल्या सगळ्यात लहान महिन्यात शंभर रुपये जास्त जातात, आणि त्याचं कारण थेट राज्यघटनेत सापडतं!

आधी पहिल्या दोन रकमा. पीएफ म्हणजे १५,००० चे १२ टक्के. तेवढेच १,८०० मालकही भरतो. त्यातले १,२५० कामगाराच्या पेन्शनसाठी जातात, ५५० त्याच्या पीएफ खात्यात. ईएसआय एकूण पगाराच्या पाऊण टक्का. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ६५०. त्यातून कामगाराला आणि घरच्यांना उपचार मिळतात. म्हणजे या दोन ओळींत कामगाराचे १,९५० रुपये कापले जातात, तेव्हा मालकाच्या खिशातून त्याच्यासाठी २,४५० निघतात. स्लिपवर कपात ठळक दिसते, ही भर बहुतेकदा दिसतच नाही.

आयकराचा रकाना इथे कोरा राहतो. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर आयकर भरावा लागत नाही. त्यापुढे पगार असेल, तर कंपनी वर्षभराच्या कराचा अंदाज बांधून तो महिन्या-महिन्याला कापत जाते.

आता ते २०० रुपये. घटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार राज्याला एका माणसाकडून वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. ही मर्यादा आधी २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. अकरा महिने दोनशे घेतले की होतात २,२००. उरलेले तीनशे फेब्रुवारीत घेतले की बरोबर अडीच हजार! आणि मर्यादा सगळ्यांना एकच असल्यामुळे कारखान्याचा मॅनेजरसुद्धा तेवढेच भरतो. बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल, तर एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात तिला हा कर माफ आहे.

पण हा कर महाराष्ट्राने लावला कशासाठी? १९७२ च्या दुष्काळात शेतं करपली, हाताला काम उरलं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला १९६५ मध्येच एक प्रयोग करून पाहिला होता: मागेल त्याला काम. त्याच विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, विहिरी अशी कामं निघाली. ती चालवायला पैसा हवा होता, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. १९७७ मध्ये योजनेचाही कायदा झाला. गोळा झालेल्या कराइतकीच रक्कम राज्य सरकारनेही निधीत घालायची, असं ठरलं.

पीएफ आणि ईएसआय माणूस स्वतःसाठी, घरच्यांसाठी भरतो. व्यवसाय कराची ओळ आली ती अनोळखी माणसासाठी: ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो, त्याने पगारच नसलेल्याच्या मजुरीला हातभार लावायचा. कामाच्या हक्काचा असा कायदा देशभर व्हायला २००५ साल उजाडलं. महाराष्ट्रातल्या नोकरदारांनी त्याआधी तीस वर्षं, दर महिन्याच्या पगारातून, हे घडू शकतं हे दाखवून दिलं होतं.