मौनाला सोबत लागते

पालघर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात कुणी ‘रिट्रीटला चाललोय’ म्हटलं की घरचे दोनच गोष्टी विचारतात: किती दिवस, आणि फोन लागेल का. वसईची वाडी असो, बोईसरच्या कंपनी क्वार्टर्समधलं मल्याळी बिऱ्हाड असो की तलासरीकडचा आदिवासी पाडा, यापलीकडे काही सांगावं लागत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र याचा नीट उलगडा होत नाही. त्यांना वाटतं, हा माणूस चार दिवस एकटं राहायला, जरा विश्रांती घ्यायला निघाला. विश्रांती तिथे फारशी मिळत नाही आणि एकटं तर कुणीच नसतं. तीस-चाळीस माणसं एका छपराखाली गप्प राहतात, एका घंटेला उठतात, एका पंगतीत जेवतात. घरी एकट्यानं दार लावून जे मौन अर्धा तास टिकत नाही, ते या माणसांच्या संगतीत चार-चार दिवस टिकतं. रिट्रीटचं सगळं सामर्थ्य मला यात दिसतं.

दिवसाचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. पहाटे घंटा, सकाळची प्रार्थना, मिस्सा, नाश्ता. मग साधना देणारे फादर किंवा सिस्टर थोडा वेळ बोलतात. बायबलमधला एक उतारा, त्यात काय पाहायचं याचे दोन-तीन मुद्दे, बस्स. प्रवचन रंगवायचं नसतं, कारण खरं काम ऐकणाऱ्यानं करायचं असतं. पुढचा तास ज्याचा त्याचा. कुणी चॅपेलमध्ये बसतं, कुणी आंब्याखाली, कुणी जपमाळ घेऊन आवारात फेऱ्या मारतं. दिवसातून एकदा मार्गदर्शकाला एकट्यानं भेटायचं आणि प्रार्थनेत काय घडलं, काय घडलंच नाही, ते सांगायचं. संध्याकाळी पवित्र साक्रामेंताची आराधना, ज्यांना हवं त्यांना पापनिवेदन, रात्री दिवसाचा आढावा.

या सगळ्यात मला जेवणाची वेळ विशेष वाटते. बोलायचं नाही म्हटलं की शेजाऱ्याला मीठ हवंय हे त्याच्या हातावरून ओळखावं लागतं. पहिल्या दिवशी पंगत अवघडलेली असते. नजर कुठे ठेवावी कळत नाही, वाटीत चमचा लागल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. दुसऱ्या दिवशी आमटीचं भांडं न मागता पुढे सरकायला लागतं. ज्या आजींना बाकावरून उठायला त्रास होतो त्यांचं ताट कुणीतरी उचलतं. कुणाचे डोळे सकाळपासून लाल आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं असतं आणि कुणी काही विचारत नाही. न विचारता सोबत करणं ही गोष्ट आपल्या घरांतून जवळपास हद्दपार झाली आहे. इथे ती चार दिवस रोज तीन वेळा घडते. नंतर भांडी घासायला सगळे मिळून बसतात, तेव्हाही तसंच.

या साच्यामागे फार विचारानं बांधलेली पद्धत आहे. 1521मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला हा सरदार अंथरुणाला खिळला आणि त्या काळात त्याचं आयुष्य पालटलं. पुढल्या वर्षी स्पेनमधल्या मान्रेसा गावी तो काही महिने राहिला. आपल्या मनात प्रार्थनेच्या वेळी काय उसळतं, काय शांतवतं, याच्या नोंदी त्यानं ठेवल्या. त्या वाढत, घासत ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’ हे पुस्तक तयार झालं. 1548मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. ते सलग वाचायला घेतलं तर रूक्ष वाटतं, कारण ते साधना देणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची, चार टप्प्यांची: आधी आपलं पाप आणि देवाची दया, मग येशूचं जीवन, मग त्याचं दुःखसहन, शेवटी पुनरुत्थान. आपल्याकडे होतात त्या तीन ते आठ दिवसांच्या रिट्रीट हे याचंच आटोपशीर रूप.

इग्नेशियस कल्पनाशक्तीला कामाला लावतो. येशूच्या जन्माचं मनन करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा म्हणतो: किती लांब, किती रुंद, सपाट आहे की डोंगरदऱ्यांतून जातो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून गरोदर बाईला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात आजही वाचायला मिळतात. ज्यानं त्या डोलीला खांदा दिलाय त्याला मारिया आणि योसेफचा रस्ता कुणी समजावून सांगावा लागत नाही. उलट साधना देणाऱ्यानंच त्याच्यापाशी बसून ऐकावं.

सोबतीचे नियमही त्या पुस्तकात आहेत. मार्गदर्शकानं साधकाला कोणत्याही बाजूला ओढायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मध्ये उभं राहायचं. लग्न कर, व्रतस्थ हो, नोकरी सोड, असं काही सुचवायचं नाही. देव आणि तो माणूस यांच्यात जे चाललंय त्याच्या आड यायचं नाही. मन कोरडं पडलं, देव दूर गेल्यासारखा वाटला, तर त्या अवस्थेत आधीचा निर्णय बदलायचा नाही. प्रार्थनेचा तास नकोसा झाला तर तो आटोपता घेण्याऐवजी थोडा जास्तच बसायचं. हे एकट्यानं पाळणं कठीण असतं. शेजारच्या खुर्चीवरची बाई अजून बसली आहे, हे दिसतं म्हणून आपणही बसतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. त्यातली एकोणिसावी बोईसरला अगदी लागू पडते. कामाच्या व्यापातून ज्याला निघता येत नाही त्यानं रोज दीड तास काढून घरीच ही साधना करावी, असं तिथे सांगितलं आहे. ती मग तीस दिवसांत न संपता काही महिने चालते आणि ठरावीक दिवशी मार्गदर्शकाला भेटायचं असतं. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969मध्ये सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी वाढली आणि केरळ, तामिळनाडू, झारखंड, गोवा अशा ठिकठिकाणचे ख्रिस्ती कामगार इथे आले. पाळीत काम करणाऱ्याला महिनाभर रजा कोण देणार? त्याची प्रार्थनेची वेळ पाळीबरोबर सरकते: या आठवड्यात पहाटे, पुढच्या आठवड्यात दुपारी, रात्रपाळीत घरी आल्यावर मुलं शाळेत गेली की. पाचशे वर्षांपूर्वी एका सैनिकानं ही सोय करून ठेवली याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर लवकर पोचली. फ्रान्सिस झेवियर यांनी 1534मध्ये पॅरिसला खुद्द इग्नेशियसच्या हाताखाली ही साधना केली. 1542मध्ये ते गोव्यात उतरले आणि पुढे वसईलाही येऊन गेले. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांचं, म्हणजे इग्नेशियसच्या संघाचं, चर्च आणि कॉलेज उभं राहिलं. त्या चर्चचा दर्शनी भाग आजही पाहायला मिळतो. 1739च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेनं तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यात वसई पडली, पोर्तुगीज गेले आणि संन्यासी संघांचे मठ ओस पडले. श्रद्धा तगली ती गावच्या चर्चमुळे आणि घरोघरच्या सांजेच्या प्रार्थनेमुळे.

मराठीत मात्र अशा एकत्र साधनेचा सगळ्यात धाडसी विचार वसईत झाला नाही. तो एका कवीनं केला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला गुरू मानणाऱ्या कुणालाही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्यांच्या दरबारात जागा होती. 1919च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराला पुढे आकार आला नाही. पण टिळकांनी भारावलेला एक इंग्रज धर्मगुरू अहमदनगरला होता, जॅक विन्स्लो. त्यानं 1922मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. संघात इंग्रज आणि भारतीय बरोबरीनं राहत: अंगावर खादी, जमिनीवर बैठक, शाकाहारी जेवण. 1920च्या दशकाच्या अखेरीला पुण्यात शिवाजीनगरला आश्रम झाला. व्हेरिअर एल्विन ऑक्सफर्डहून इथेच आले, इथेच त्यांना श्यामराव हिवाळे भेटले, आणि दोघं पुढे मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये राहायला गेले. 1934मध्ये संघ दुभंगला. ब्रह्मचर्याचं व्रत घेणाऱ्यांचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ वेगळा झाला.

पुण्यातली ती वास्तू पुन्हा जागी झाली 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आणि तीही स्त्रियांमुळे. सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन संघाच्या भगिनींनी मिळून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम चालवायला घेतला. दोन वेगळ्या चर्चच्या व्रतस्थ स्त्रियांनी एका घरात राहायचं, हे त्या काळात सोपं नव्हतं. याच वाँटेजच्या भगिनींकडे पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी आणि स्कॉटलंडहून आलेल्या, शांकर वेदान्ताचा सखोल अभ्यास केलेल्या सिस्टर सारा ग्रांट यांनी या आश्रमाला वळण दिलं. आश्रमाच्या प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदांचंही वाचन होई आणि दार सगळ्यांना उघडं असे. पाहुणा आला की त्यानं आश्रमाच्या दिनक्रमात सामील व्हायचं, एवढीच अपेक्षा. मला हा रिट्रीटचा सर्वांत प्रामाणिक प्रकार वाटतो, कारण इथे साधना देणारे आणि घेणारे असे दोन गट पडत नाहीत. सगळ्यांच्या हातात सारखाच झाडू.

आता परत आपल्या जिल्ह्याकडे. वसईचा धर्मप्रांत 1998मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. पालघर, डहाणू, तलासरीही त्यातच येतात. गिरीजचं जीवन दर्शन केंद्र हे इथल्या मराठी ख्रिस्ती माणसाला ओळखीचं ठिकाण. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983पासून 2007पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला 2013मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, 2020मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि 2024च्या जुलैत ते गेले. रिट्रीट म्हणजे जगाकडे पाठ, असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचं उदाहरण देतो. बायबलवर मनन करणाऱ्या याच माणसानं हरित वसईच्या लढ्यात उभं राहून पाण्यासाठी, झाडांसाठी, बिल्डर-राजकारण्यांच्या दहशतीविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या मराठी बायबलमुळे आणखी एक मोठी गोष्ट झाली: साधनेला बसलेल्या आजींना उतारा त्यांच्या भाषेत समजू लागला. मननाची सुरुवात तिथूनच होते.

बोईसरकडे दुसरा प्रकारही लोकप्रिय आहे, गाणी, टाळ्या, साक्षी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना असलेल्या करिस्मॅटिक रिट्रीटचा. केरळातल्या मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरला जाऊन आलेली कुटुंबं इथे सहज भेटतात. याची मुळं आपल्याला परकी नाहीत. 1905मध्ये केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आणि बायका मोठ्यानं रडत, गात, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या आणि त्याची बातमी जगभर गेली होती. दारू सुटलेली, तुटलेले संसार सांधलेली माणसं या रिट्रीटमधून परत येताना मी पाहिली आहेत. त्यांचं मोल मी कमी मानत नाही. तरी माझा ओढा गप्प बसणाऱ्यांकडे आहे. हजारो माणसांच्या गर्दीत माणूस उचंबळतो, पण त्याचं ऐकून घ्यायला तिथे कुणाला वेळ नसतो. ज्याचं लहानपणापासून कुणी ऐकलेलंच नाही, अशा माणसासाठी मार्गदर्शकाचा तो रोजचा अर्धा तास सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त देऊन जातो.

शेवटच्या संध्याकाळी मौन सुटतं. खुर्च्या गोल मांडतात आणि ज्याला बोलायचं तो बोलतो. सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोडायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही, हे तीन नियम. केमिकल कंपनीतला ऑपरेटर आणि वाडीवर फुलं तोडणारी बाई एकमेकांची नावंसुद्धा तेव्हाच ऐकतात. एरवी ती दोघं डहाणू लोकलमध्ये समोरासमोर बसून गेली असती. इथे चार दिवस त्यांनी एकमेकांची ताटं उचललेली असतात. त्यातूनच कुठे कुठे महिन्याला एकदा कुणाच्या तरी घरी जमणारं मंडळ तयार होतं: एक उतारा, वीस मिनिटं शांतता, मग चहा. जिथे असं मंडळ होतं तिथे रिट्रीटचा परिणाम टिकतो. जिथे नाही तिथे दोन-तीन आठवड्यांत माणूस होता तिथे येतो. म्हणून रिट्रीट ठरवणाऱ्यांनी तारखांच्या आधी पुढच्या मंडळाचा विचार करावा, असं मला कळकळीनं वाटतं.

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं एकदम आठ दिवसांना हात घालू नये. शनिवार-रविवारनं सुरुवात करावी. रोज एकट्यानं भेटणारा मार्गदर्शक आहे का, हे आधी विचारून घ्यावं, आणि नसेल तर दुसरं ठिकाण पाहावं. वही, पेन, औषधं, पांघरूण आणि आपल्या भाषेतलं बायबल एवढं पुरतं. घरच्यांना केंद्राचा नंबर द्यावा, म्हणजे आपला फोन जमा करताना जीव अडकत नाही. आणि पाळीत काम करणाऱ्यांनी परतल्या रात्रीचीच ड्यूटी लावून घेऊ नये. एक रजा हातात ठेवावी.