कोळी श्रमगीते

कोळी श्रमगीते म्हणजे कोकण किनाऱ्यावरील कोळी समाजाने नाव वल्हविताना, शीड उभारताना व जाळे ओढताना गाइलेली समूहगीते होत. मुंबई उपनगरांत वाकोल्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेले जुहू व खार दांडा आणि त्यांच्या उत्तरेचे वेसावे (वर्सोवा) व मढ हे कोळीवाडे या परंपरेसाठी ओळखले जातात.

स्वरूप

एक जण ओळ सांगतो व इतर खलाशी झील धरतात, अशी या गीतांची रचना असते. ‘हैया हो’ यांसारख्या उद्गारांना शब्दकोशातला अर्थ नसला, तरी त्यांवर सर्वांचे बळ एकाच क्षणी लागते. ओळीची लांबी वल्ह्याच्या फेऱ्याने व श्वासाने ठरते. दर्या, वारा, नाखवा, माहेर व कुलदैवत एकवीरा हे नेहमीचे विषय होत.

श्रमाशी संबंध

डोल हे पिशवीच्या आकाराचे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून बांधतात. बोंबील व जवळा त्यात सापडतो. प्रवाह मंदावण्याच्या अल्प अवधीत भरलेले जाळे नावेत घ्यावे लागते. उशीर झाल्यास उलट प्रवाहात काम अवघड होते. अशा वेळी अनेकांचे हात एका लयीत चालणे ही निकड असते आणि ती लय गाणे पुरविते.

स्थित्यंतर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावांना इंजिने बसली. वल्ही व शिडे मागे पडली आणि पुढे मोठ्या नावांवर जाळी ओढण्यासाठी यंत्रे आली. इंजिनाच्या आवाजात गाणे ऐकू येईना व त्याची गरजही उरली नाही. इंग्रजी व्यापारी जहाजांवरील ‘शँटी’ या श्रमगीतांचेही बाष्पशक्तीच्या आगमनानंतर असेच झाले. तेथे कॉर्नवॉलमधील पोर्ट आयझॅक गावच्या ‘फिशरमन्स फ्रेंड्स’ या मंडळीने ती गीते पुन्हा लोकप्रिय केली.

ध्वनिमुद्रणे

कोळीगीत महाराष्ट्रभर पोहोचले ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळे. शान्ता शेळके यांनी लिहिलेले व हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेले ‘मी डोलकर’ हे गीत लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गाइले. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांची कोळीगीतेही गाजली. पुढे ‘वेसावकर आणि मंडळी’ या गायकसमूहाच्या ध्वनिफितींनी खुद्द कोळीवाड्याचा आवाज घरोघरी नेला. मात्र श्रोत्यांना ठाऊक असलेली बहुतेक गीते अशी मुद्रणासाठी रचलेली आहेत. नावेवर वेळेवर सुचलेली कडवी मौखिक असल्याने त्यांतील बरीचशी गाणाऱ्यांबरोबरच लोपली.

सद्यःस्थिती

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नावांना मासेमारीची बंदी असते. त्यानंतर येणारी नारळी पौर्णिमा, तसेच शिमगा, हळद आणि कार्ल्याची एकवीरेची यात्रा या प्रसंगी कोळीगीते आजही गाइली जातात. कोळी नृत्यातील पुरुषांच्या हालचालींत वल्हे मारण्याची क्रिया टिकून आहे. वल्हे हाती न धरलेली पिढीही ती लय नृत्यातून शिकते.