पाळणाघराचा जमाखर्च

पाळणाघराला सरकारी अनुदान म्हटले की आपले व्यापारी मन ती रक्कम थेट नावे टाकते. जमेची बाजू कॅनडातील क्वेबेक प्रांतात पाहावी. तेथे १९९७ पासून टप्प्याटप्प्याने दिवसाला अवघ्या ५ डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागले. उरलेला भार सरकारने उचलला. अर्थतज्ज्ञ पिएर फोर्तँ व सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २००८ साली त्यामुळे सुमारे ७०,००० अधिक माता कामावर होत्या आणि वाढीव करांतून अनुदानाहून अधिक रक्कम परतली. बँकेत आयुष्य गेलेल्या मला असे कर्जखाते क्वचितच दिसले! मात्र जागा अपुऱ्या पडल्या. प्रतीक्षायादीतल्या आईला स्वस्त दराचा काय उपयोग? तरीही २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभर अशी व्यवस्था उभारण्यास पाच वर्षांसाठी सुमारे ३० अब्ज डॉलर मांडले.